केसपेपरवर लिहिलंय

पावसाळ्यातली सकाळ होती. बायकांच्या मेडिसिन वॉर्डात दारामागे ओल्या छत्र्या एकमेकींना टेकवून ठेवलेल्या, फिनेलच्या वासात न वाळलेल्या चादरींचा कुबट वास मिसळलेला, आणि खिडकीजवळच्या कॉटवर एक आजी उशीला टेकून बसलेल्या. एम.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची एक मुलगी त्यांना तपासत होती. पेपर अ‍ॅडव्हान्स नर्सिंग प्रॅक्टिसचा, त्यातला हेल्थ असेसमेंटचा भाग, आणि मी गुणपत्रक घेऊन कडेला उभी. तिचं तपासणं बघत राहावं असं होतं. आधी तिने तळहात चोळून गरम केले. स्टेथोस्कोपची चकती मुठीत धरून त्याचाही गारवा घालवला. आजींच्या पाठीवरचा पदर लागेल तेवढाच बाजूला केला. मग मनगट धरून, नाडीच मोजतेय असं भासवत, पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. 28 भरले. आजींना 'एक, एक, एक' म्हणायला लावून पाठीवरून हात फिरवला, तर उजवीकडे खालच्या बाजूला कंप जास्त लागत होता. तिथेच बोट ठेवून ठोकलं तर आवाज बद्द. तिथेच ऐकलं तर श्वासाचा आवाज कर्कश, अगदी कानाजवळ आल्यासारखा. सगळं क्रमाने, आजींशी गावाकडच्या पावसाच्या गप्पा मारत.

"मग, काय झालंय आजींना?" मी विचारलं.

तिची नजर कॉटच्या पायथ्याशी अडकवलेल्या फायलीकडे गेली. "मॅडम, केसपेपरवर लिहिलंय ना. न्यूमोनिया."

उत्तर बरोबर होतं, गुणही पूर्ण दिले. पण घरी जाताना स्वारगेटच्या सिग्नलला स्कूटर बंद करून उभी होते तेव्हा ते 'लिहिलंय ना' परत आलं, आणि मग दोन-तीन दिवस जाईना. न्यूमोनिया तिच्या बोटांखाली होता, तिच्या कानात होता. तो तिने स्वतः शोधलेला होता आणि तरी सांगताना तिने तो दुसऱ्याच्या अक्षरातून वाचून दाखवला. समजा, केसपेपरवर रात्रीच्या घाईत कुणी 'दमा' लिहिलं असतं, तर? ती 'दमा' म्हणाली असती. उजव्या बाजूच्या त्या बद्द आवाजाचं काय करायचं हे तिला कळलं नसतं, आणि मला वाटतं तिने तो आवाज स्वतःपुरता पुसून टाकला असता.

तिला दोष देण्यात अर्थ नाही. आम्ही घडतोच तसे. मी शिकत होते तेव्हा आमच्या वॉर्डात एक इन्चार्ज सिस्टर होत्या, मूळच्या केरळच्या, पण मराठी अशी फर्डी की पेशंट त्यांना कोल्हापूरकडच्या समजायचे. सकाळी हँडओव्हर घ्यायच्या आधी त्या दारातच उभ्या राहून सगळ्या वॉर्डावरून एकदा नजर फिरवायच्या. हातात काही नाही, गळ्यात काही नाही. एका सकाळी मला म्हणाल्या, "पाच नंबरकडे बघ. आज वेणी घातली नाहीये तिने." पाच नंबरची बाई रोज सकाळी आरशाचा एक तुकडा खिडकीला टेकवून वेणी घालायची, त्यावर मावशी तिची चेष्टाही करायच्या. त्या दिवशी केस तसेच. टीपीआर शीटवर, म्हणजे ताप, नाडी, श्वासांच्या नोंदीच्या कागदावर, सगळं जागच्या जागी होतं. सिस्टरांनी जाऊन तिच्या पायांवरून हात फिरवला. गुडघ्यापर्यंत गार. नखावर दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहिलं. मग ड्युटी रूममध्ये येऊन फोन लावला. त्यांचं वाक्य मला जसंच्या तसं आठवतं: "सर, वर येणारच असाल तर पाच नंबर जरा बघता का?"

एवढंच. दुपारपर्यंत ती बाई आयसीयूत होती. सेप्सिस, म्हणजे अंगभर भिनलेला जंतुसंसर्ग. तो शब्द सिस्टरांनी सकाळीच मनात उच्चारला असणार, याबद्दल मला शंका नाही. पण फोनवर उच्चारला नाही. उच्चारायचा नसतो, हे आम्ही मुली तिथे उभ्या राहून शिकलो, आणि ते कुठल्याही तासाला कुणी शिकवलेलं नव्हतं.

पुढे वाचनात आलं की 1967 सालीच लिओनार्ड स्टाइन नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने नेमक्या या वागण्यावर एक लेख लिहिला होता. परिचारिकेने सल्ला द्यायचा, पण तो डॉक्टरांनाच सुचला असं वाटलं पाहिजे. डॉक्टरांनी सल्ला घ्यायचा, पण विचारल्यासारखं दिसता कामा नये. त्याने त्याला खेळ म्हटलं होतं. वाचून मला आधी हसू आलं आणि मग सिस्टरांचा फोनवरचा तो नम्र आवाज आठवून हसू थांबलं. सिस्टर त्या खेळात फार वाकबगार होत्या. त्यांचं सगळं निदानकौशल्य 'जरा बघता का' मध्ये मावायचं. ज्या रेसिडेंट डॉक्टरला तो इशारा कळायचा तो लगेच वर यायचा. नवीन असेल तो चहा पिऊन यायचा.

आमच्या वहीतही एक कुंपण आहे. न्यूमोनिया डॉक्टरांचा. आम्ही लिहायचं 'इनइफेक्टिव्ह एअरवे क्लिअरन्स', म्हणजे कफ नीट सुटत नाही. नर्सिंग डायग्नोसिसची ही पद्धत अमेरिकेत 1973 च्या परिषदेपासून बांधली गेली आणि आपल्याकडे केअर प्लॅनच्या, म्हणजे शुश्रूषेच्या आखणीच्या, तक्त्यात येऊन बसली. मी तिची टिंगल करणार नाही. पेशंटला न्यूमोनिया आहे एवढ्याने त्याला किती वेळाने कुशीवर वळवायचं, खोकायला कसं शिकवायचं, पाणी किती पाजायचं हे ठरत नाही, ते आमच्या निदानातूनच ठरतं. बेडसोर पडण्याआधी तो ओळखणारी भाषा हीच आहे. पण त्या तक्त्याचा एक दुष्परिणाम झाला. मुलींना वाटू लागलं की आजार हा शेजारच्या रकान्यात राहतो आणि तिकडे डोकावणं म्हणजे आगाऊपणा.

याचं एक टोक मी फायली तपासताना पाहिलं. साठीच्या आतबाहेरची एक बाई, अशक्तपणा आणि दम लागतो म्हणून दाखल. हिमोग्लोबिन सहाच्या आसपास. रक्त चढवणं सुरू, लोहाच्या गोळ्या सुरू, जंताची गोळी देऊन झालेली. संध्याकाळी स्टाफरूममध्ये चहा गार होत असताना मी विद्यार्थिनींचे केअर प्लॅन वाचत होते. या बाईच्या प्लॅनमध्ये, स्वच्छता या मथळ्याखाली, सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'पाळी जाऊन सहा वर्षं झाली, तरी मधूनमधून अंगावरून जातं, डाग लागतो असं पेशंट सांगते. पॅड पुरवले. जागा कोरडी ठेवण्याबाबत समजावले.'

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. पाळी कायमची थांबल्यावर रक्त गेलं तर गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी झालीच पाहिजे, कर्करोग नाही ना हे पाहिलंच पाहिजे. हे त्या विद्यार्थिनीला माहीत होतं. गायनॅकच्या पेपरात तिने ते लिहिलंही असणार. डॉक्टरांच्या नोंदींमध्ये या रक्ताचा उल्लेख नव्हता, कारण त्या बाईने तरुण पुरुष रेसिडेंटला ते सांगितलं नव्हतं. मुलगा आणि जावई कॉटशेजारी उभे असताना ती सांगणारही नव्हती. चादर बदलताना, पडदा ओढलेला असताना, तिने ते एका मुलीला सांगितलं. आणि त्या मुलीने ते ऐकून, समजून घेऊन, पॅडच्या रकान्यात ठेवून दिलं. मी त्याच संध्याकाळी रेसिडेंटला गाठलं, सोनोग्राफी झाली, अस्तर जाड निघालं, बायोप्सीला पाठवलं. पुढे काय निघालं ते इथे लिहीत नाही, ती तिची गोष्ट आहे. मला सलते ती त्या वाक्याची जागा.

पेशंट काय सांगतो यावर किती अवलंबून असतं, याचा एक जुना ब्रिटिश अभ्यास मी दर वर्षी वर्गात सांगते. 1975 साली बाह्यरुग्ण विभागातल्या 80 नव्या पेशंटवर केलेला. त्यातल्या 66 जणांचं अखेरचं निदान पाठवणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचून आणि पेशंटचं ऐकूनच झालं होतं. तपासणीने आणखी 7 जणांचं बदललं, प्रयोगशाळेने आणखी 7 जणांचं. आज एमआरआयच्या काळात हे आकडे असेच राहतील असं नाही. पण आपल्या वॉर्डात ऐकणं कुणाच्या वाट्याला जास्त येतं? राउंडला मोठे सर येतात तेव्हा पेशंट अंग चोरून म्हणतो, "बरं आहे साहेब." रात्री अडीचला तोच पाणी मागतो आणि सांगतो, की काल संध्याकाळपासून छातीत आवळल्यासारखं होतंय, घाम फुटतो, गॅस असेल म्हणून बोललो नाही. आपली माणसं दुखणं सांगतात तेव्हा त्यात सगळं असतं. ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, सणक वेगळी. पोटात गोळा येऊन जातो म्हणणारी बाई आतड्याच्या किंवा मुतखड्याच्या दिशेने बोट दाखवत असते, आणि पोट सतत ठणकतंय म्हणणारी दुसऱ्या दिशेने. दुखणं कधी सुरू झालं, कुठून कुठे सरकलं, कशाने वाढतं, हे विचारायच्या पाठ केलेल्या आद्याक्षरांची गरज असतेच. पण त्याआधी "दादा, तुम्ही जरा बाहेर बाकावर बसता का" हे नातेवाइकाला प्रेमाने सांगता येणं जास्त गरजेचं आहे. हे ज्या मुलीला जमतं तिची अर्धी तपासणी झालेली असते. पुण्यात तर हे कसबच. सासूच्या पोटदुखीचं वर्णन सून करते, सुनेचं नवरा करतो, आणि नवऱ्याचं वर्णन त्याच्या मोबाइलमधले रिपोर्ट करतात.

आता त्या श्वासांबद्दल. कुठल्याही हॉस्पिटलातली टीपीआर शीट काढून बघा, नाडी आणि ताप वरखाली होत असतात, आणि श्वासांच्या रांगेत 20, 20, 20, 20. कुणी झोपलेलं असो, कुणी धापा टाकत असो, 20. मोजायला मिनिट लागतं, आणि चाळीस कॉटना चाळीस मिनिटं कुठून आणायची, हे कारण खरंच आहे. रात्रपाळीला दोन सिस्टर असलेल्या वॉर्डात मी स्वतः उभी राहिलेली आहे. शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक परिचारिका हे प्रमाण कागदावर किती देखणं दिसतं तेही मला ठाऊक आहे. पण दुसरं कारण जास्त खोलवरचं असावं. तो आकडा कुणी वाचत नाही. तुझ्या आकड्यावरून तू काही ठरव असं जिला कुणी कधी सांगितलेलं नाही, ती हळूहळू मोजणंच सोडते. ब्रिटनमध्ये पेशंट बिघडतोय हे वेळीच ओळखण्यासाठी 2012 पासून वापरात असलेल्या न्यूज नावाच्या गुणपद्धतीत श्वास 21 ते 24 झाले की 2 गुण, 25 किंवा जास्त झाले की 3. त्यातल्या कुठल्याही एका मोजमापाला 3 पडले तरी वॉर्डातल्या डॉक्टरांनी येऊन पाहायचं असतं. तिथे तो आकडा कामाला लागतो, म्हणून मोजला जातो. आणि लांब कशाला जायचं? गडचिरोलीत बंग दांपत्याने फारसं न शिकलेल्या बायकांना मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी देऊन बाळांचे श्वास मोजायला शिकवलं. दोन महिन्यांखालच्या बाळाचे 60, वर्षाखालच्याचे 50, पाच वर्षांखालच्याचे 40 श्वास भरले की न्यूमोनिया समजायचा, या हिशेबावर तर आज गावोगाव काम चालतं. म्हणजे झोपडीत बसून निदान करायची मुभा आपण दिली आणि ते जमलंही. ती मुभा पदव्युत्तर शिकणाऱ्या मुलीला वॉर्डात का मिळू नये, याचं उत्तर मला तरी सापडलेलं नाही.

जानेवारी 2025 मध्ये या शहराने आम्हा सगळ्यांचीच परीक्षा घेतली. किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी, सगळा सिंहगड रस्ता. घरोघरी पाणी उकळलं जाऊ लागलं, कोपऱ्यावरच्या पाणीपुरीवाल्याकडे शुकशुकाट, आणि तोवर पाठ्यपुस्तकात एका पानावर असलेलं गियाँ-बारे सिंड्रोम हे नाव रिक्षावाल्यांच्या तोंडी जीबीएस होऊन बसलं. एरवी वर्षाला लाखात एखाद-दोन जणांना होणारा आजार. पुष्कळदा आधी पोट बिघडतं, अनेकदा कॅम्पिलोबॅक्टर नावाच्या जंतूने; मग शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते, पायांतून अशक्तपणा वर चढत जातो. त्याआधी पुण्यात 'पायाला मुंग्या येतात' म्हणणारा माणूस आला की मधुमेह, बी-ट्वेल्व्ह, नाहीतर दुचाकीमुळे धरलेली कंबर, असा आमचा ठरलेला क्रम असायचा. त्या महिन्यात क्रम उलटा झाला. ज्याला मुंग्या त्याला जीबीएस.

एका कॉलेजच्या मुलीला तिच्या मैत्रिणींनी घाबरून कॅज्युअल्टीत आणलं. हातापायांच्या बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या. परीक्षेच्या आणि बातम्यांच्या धसक्याने तीन रात्री झोप नाही. माझ्याबरोबरच्या विद्यार्थिनीने श्वास मोजले, ते फार भरभर होते. गुडघ्यावर हातोडी मारली, पाय टणकन उडाला. तिने त्या मुलीला शेजारी बसवून हळूहळू श्वास घ्यायला लावलं, आणि मुंग्या गेल्या. त्याच आठवड्यात, किरकटवाडीकडचाच एक गृहस्थ कंबरदुखीचा पेशंट म्हणून ऑर्थोच्या रांगेत बसलेला. त्याचं एक वाक्य दुसऱ्या विद्यार्थिनीच्या कानाला खटकलं: "जिना चढताना कठडा ओढून वर जावं लागतं हो." कंबरदुखीने माणूस वाकतो, कठडा ओढत नाही. तिने गुडघा ठोकला. काही नाही. घोटा ठोकला. काही नाही. मग त्याला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगितलं, कारण असं केल्यावर दबलेला झटका कधीकधी वर येतो आणि तसं केल्याशिवाय 'नाही' म्हणायचं नसतं. तरीही नाही. "गेल्या पंधरा दिवसांत पोट बिघडलं होतं का?" बिघडलं होतं. जीबीएसची सुरुवात पुष्कळदा कंबरदुखीने होते, हे तिने वाचलेलं होतं. पण वाचलेलं वेळेवर आठवायला ते वाक्य खटकावं लागतं.

तिथून पुढचा भाग मला फार मोलाचा वाटतो. या आजारात चारातल्या एखाद्या पेशंटला व्हेंटिलेटर लागतो, आणि बोटाला लावलेलं ऑक्सिमीटर शेवटपर्यंत 98 दाखवून फसवतं, कारण छातीचे स्नायू थकत जात असताना ऑक्सिजन सर्वांत शेवटी कोसळतो. मग काय बघायचं? उशीवरून मान उचलता येते का. खोकला दमदार आहे का. आणि एका दमात किती आकडे म्हणता येतात. धडधाकट माणूस चाळिशीपर्यंत सहज जातो, विसाच्या आत अडखळला तर सावध व्हायचं. (आपले एकोणतीस, एकोणचाळीस इतके लांबलचक आहेत की पुस्तकातल्या आकड्याशी तुलना करण्यापेक्षा त्याच पेशंटची, त्याच लयीत, सकाळ-संध्याकाळची तुलना करणं मला बरं वाटतं.) त्या विद्यार्थिनीने दर दोन तासांनी त्या गृहस्थाला आकडे म्हणायला लावले. चौतीस, एकतीस, सव्वीस. मग रेसिडेंटला फोन करून म्हणाली, "सर, मला जीबीएस वाटतंय. रिफ्लेक्स दोन्हीकडे नाहीत आणि दमात म्हणायचे आकडे सकाळपासून आठने कमी झालेत. आयसीयूत हलवायला हवं." मी शेजारी उभी होते. 'जरा बघता का' नव्हतं त्यात कुठे. पलीकडून क्षणभर आवाज आला नाही, मग रेसिडेंटने विचारलं, "घोट्याचेही नाहीत?" हा प्रश्न मला इतका आवडला की काय सांगू. त्याने तिचा अधिकार विचारला नाही, पुरावा विचारला.

आता मी एक करते. विद्यार्थिनीने केसपेपर उघडायच्या आधी स्वतःचा अंदाज लिहायचा. एक नाही, तीन-चार. प्रत्येक अंदाजाच्या बाजूने काय आणि विरुद्ध काय. विरुद्ध रकाना रिकामा असला तर वही परत. आणि जो आजार असण्याची शक्यता कमी पण सुटला तर माणूस दगावेल, तोही यादीत असलाच पाहिजे. मग केसपेपर उघडायचा. पहिल्या पंधरवड्यात नुसती चुळबुळ असते. "मॅडम, चुकलं तर?" चुकतंच. हॉस्टेलच्या खोलीत एकमेकींच्या पाठी ठोकून, तांदळाचे डबे ठोकून, फुगवलेला गाल ठोकून बोटांना सवय होते; पण आपलं अनुमान दुसऱ्यासमोर ठेवायची सवय बोटांइतकी लवकर होत नाही.

स्टाफरूममध्ये माझ्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंना हे पटत नाही. त्या म्हणतात, औषध लिहायचा अधिकार नाही, ऑर्डर द्यायचा अधिकार नाही, मग पोरींना निदान शिकवून तू त्यांना नुसतं दुःखी करतेस. अमेरिकेत लॉरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी 1965 साली कोलोरॅडोत नर्स प्रॅक्टिशनरचा, म्हणजे स्वतः तपासून निदान आणि उपचार करणाऱ्या परिचारिकेचा, पहिला अभ्यासक्रम सुरू केला. त्या फोर्डबाई 104 वर्षांच्या होऊन गेल्या, त्याही नेमक्या जानेवारी 2025 मध्ये, इथे आम्ही हातोड्या घेऊन पळत होतो तेव्हा. आपल्याकडे क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आला, परिचारिकांसाठीच्या 1947 च्या कायद्याच्या जागी 2023 साली नवा कायदा मंजूर झाला. पण त्या शिकलेल्या मुलीला सकाळच्या राउंडला नेमकं कुठे उभं करायचं हे वॉर्डाला अजून उमगलेलं नाही. त्यामुळे बाईंचं म्हणणं मी झटकून टाकू शकत नाही. निदान करून गप्प बसावं लागणं हे निदानच न करण्यापेक्षा जास्त त्रासाचं आहे. मी तो त्रास पुढच्या पिढीला समजून-उमजून देतेय, हे खरं आहे. काही संध्याकाळी मला ते योग्य वाटतं, काही संध्याकाळी नाही.

जिथे केसपेपरवर आधी लिहिणारं कुणी नसतं अशी ठिकाणंही आहेतच. माझी एक जुनी विद्यार्थिनी राजगड तालुक्यात, म्हणजे परवापरवापर्यंतच्या वेल्ह्यात, एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. उपकेंद्राचं नाव आता आयुष्मान आरोग्य मंदिर, पत्रे तेच. मागे एका संध्याकाळी तिचा फोन आला. नववीतला एक मुलगा, पोट दुखतंय म्हणून वडिलांनी बाइकवरून आणलेला. सकाळी बेंबीभोवती दुखत होतं, दुपारनंतर उजवीकडे खाली सरकलं. आईने अंड्याची पोळी केली तर नको म्हणाला, आणि ते पोर अंड्याला कधीच नको म्हणत नाही. तिने पोटाला हात लावायच्या आधी स्टेथोस्कोप लावला, कारण आधी दाबलं तर आतड्यांचे आवाज बदलतात. मग दुखऱ्या जागेपासून सर्वांत लांबून, डावीकडून दाबायला सुरुवात केली आणि हाताकडे न बघता त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. उजवीकडे आल्यावर त्याने ओठ आत ओढले. खोकायला सांगितलं तर हात आपसूक तिथेच गेला. "आणि मॅडम, वडील म्हणाले, येताना प्रत्येक गतिरोधकावर ओरडत होता."

मला हसू आवरेना. गतिरोधकाचा हा किस्सा मीच वर्गात सांगते. इंग्लंडमध्ये 2012 साली खरोखर असा अभ्यास झाला होता, अपेंडिक्स ठरलेल्या 34 जणांपैकी 33 जणांना गाडी गतिरोधकावरून जाताना दुखणं वाढल्याचं जाणवलं होतं. मात्र अपेंडिक्स नसलेल्यांतही पुष्कळांना दुखलं होतं. म्हणजे दुखलं नाही तर अपेंडिक्सची शक्यता बरीच कमी होते, दुखलं म्हणून ते सिद्ध होत नाही. (आमच्या शहरात तर ही चाचणी प्रत्येक पेशंटवर, येता-जाता, फुकट होते.) तिने हे सगळं लक्षात ठेवलं होतं. मुलाला उपाशी ठेवलं, सलाइन लावलं, 108 बोलावली आणि संदर्भ चिठ्ठीवर संभाव्य निदानाच्या रकान्यात 'अपेंडिसायटिस' लिहून, खाली कारणं लिहून सही केली. मला फोन तिने विचारायला केलाच नव्हता, सांगायला केला होता.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. मुलाचं ऑपरेशन झालं होतं, अपेंडिक्सच होतं, तो बरा होता. पण माझी विद्यार्थिनी चिडलेली. मोठ्या हॉस्पिटलातल्या कॅज्युअल्टीच्या डॉक्टरने तिची चिठ्ठी बाजूला ठेवून त्यांच्या केसपेपरवर नुसतं 'पोटदुखी, कारण पाहणे' लिहिलं आणि मुलाला पुन्हा पहिल्यापासून तपासलं, असं मुलाच्या वडिलांनी तिला सांगितलं होतं. "एवढं सगळं लिहिलं होतं मी मॅडम. वाचलंही नसेल."

वाचायला हवं होतं, हे मलाही वाटलं. पण पुन्हा तपासलं ते त्याने बरोबरच केलं, असं मी तिला म्हटलं. तुझ्या अक्षरावर विसंबून त्याने चाकू उचलला असता तर तो आणि ती न्यूमोनियावाली मुलगी यांच्यात काय फरक राहिला असता? त्याने स्वतःचा हात लावायलाच हवा होता. ती काही वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "माझ्या जागी एमबीबीएस डॉक्टरने लिहिलं असतं, तरी असंच केलं असतं का त्याने?"

याचं उत्तर मी टाळलं. गाडी तासाभरात आली का, वाटेत सलाइन नीट चालू राहिलं का, असलं काहीतरी विचारत बसले. तिने सगळी उत्तरं दिली, आणि फोन ठेवायच्या आधी तोच प्रश्न पुन्हा विचारला.